पासपोर्ट ठेवा आणि जेट स्की घ्या, हे तुम्ही कसं काय छापलंत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला थायलंडमधल्या पटायावरचा लेख वाचला. वॉकिंग स्ट्रीट, कोह लार्न बेट, रात्रभर जागं असलेलं शहर, सगळं छान लिहिलंय, आम्हीही तिथे मजाच केली. पण त्यातलं एक वाक्य वाचून रात्री झोप लागली नाही. 'पासपोर्ट ठेवला की जेट स्की लगेच हातात.' अहो, हे सोय म्हणून सांगताय तुम्ही?

२०१९ च्या नोव्हेंबरात आम्ही पाच जण गेलो होतो. जोमतियन बीचवर भाच्याने अर्ध्या तासासाठी जेट स्की घेतली आणि डिपॉझिट म्हणून पासपोर्ट दिला, मी शेजारीच उभा होतो आणि अडवलं नाही, हे आजही सलतं. तो परत आला तसं जेट स्कीवाल्याने गाडी एका कुशीवर कलती केली आणि खालच्या बाजूचा वीतभर ओरखडा दाखवला. तीस हजार बाट द्या म्हणे! मी वाकून बोट फिरवलं. ताजा ओरखडा पांढरा असतो, फायबरची कुसं हाताला टोचतात. हा काळा पडलेला, कडा गुळगुळीत, आत मळ बसलेला. हे मी दाखवतोय तोवर आजूबाजूला आणखी चार जण येऊन उभे राहिले, भाचा रडकुंडीला आला, ही म्हणाली द्या काय मागतायत ते, उद्या संध्याकाळी फ्लाइट आहे. पासपोर्ट त्यांच्या डब्यात होता, आम्ही करणार काय? घासाघीस करून आठ हजार बाट मोजले तेव्हा कुठे तो हातात आला.

थायलंडमध्ये टुरिस्ट पोलिसांचा साधा चार आकडी नंबर आहे, ११५५, तिथे इंग्रजीत बोलता येतं, हे आम्हाला हॉटेलवर परतल्यावर कळलं. गाडी पाण्यात न्यायच्या आधी चारही बाजूंनी, खालूनसुद्धा, मोबाईलवर व्हिडिओ काढायचा आणि पासपोर्ट कुणाच्याही हातात द्यायचा नाही, फार तर झेरॉक्स द्यायची, तेवढ्यावर गाडी देत नसतील तर नको ती गाडी. एवढ्या दोन ओळी लेखात असत्या तर कुणाचे तरी पैसे वाचले असते. जेट स्कीचा हा प्रकार तिथे कित्येक वर्षं गाजतोय, लेखकाच्या कानावर आला नसेल हे मला पटत नाही.

आणि लेखात कोह लार्नला जायला स्पीडबोटीचं पॅकेजच घ्या असं का लिहिलंय? बाली हाय धक्क्यावरून साधी फेरी सुटते, आम्ही माणशी ३० बाट देऊन गेलो, पाऊण तास लागला, म्हाताऱ्या माणसांना तर तीच बरी, स्पीडबोटीच्या आपट्यांनी कंबर धरते.

आता निघालंच आहे तर लेखासोबतच्या फोटोबद्दलही सांगतो. समुद्रातून सरळ वर आलेले ते चुनखडीचे उंच कडे पटायाचे नाहीत. तसे कडे क्राबी-फुकेतकडे, अंदमान समुद्राच्या बाजूला आहेत. पटाया थायलंडच्या आखातावर, बँकॉकपासून साधारण १५० किलोमीटरवर. फोटो बघून कुणी पटायाचं बुकिंग केलं तर तिथे जाऊन कडे शोधत बसेल.

पुढच्या रविवारी फोटोची दुरुस्ती आणि तो ११५५ नंबर ठळक चौकटीत छापावा ही कळकळीची विनंती. डिसेंबरच्या सुट्ट्यांची बुकिंगं सध्या सुरू आहेत.

आपला,
एक जुना वाचक