हिशेब वर्षाचा करा, डिसेंबरचा नव्हे

महोदय,

हिवाळ्यात भर दुपारी दिवे लावावे लागतात अशा शहरांत सौरऊर्जेवर खर्च करणे म्हणजे पैसा वाया घालवणे, हे मत वारंवार वाचनात येते. त्यात थंडी आणि काळोख यांची गल्लत झालेली असते, म्हणून हे पत्र.

पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नव्हे. सिलिकॉनचे पॅनेल २५ अंश सेल्सिअसच्या वर तापले की दर अंशामागे त्याची वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. गारठ्यात उलट घडते. व्होल्टेज तर इतके चढते की त्या शहराचे नीचांकी तापमान धरूनच इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) निवडावा लागतो. कंत्राटदार हे विचारत नसेल, तर त्याला काम देऊ नये.

खरी अडचण उजेडाची आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. फिनलंडमधल्या हेलसिंकीत डिसेंबरच्या उत्तरार्धातला दिवस सहा तासांचाही नसतो. जूनमधला मात्र जवळजवळ १९ तासांचा. तरीही केवळ अक्षांश पाहून निकाल देऊ नये. कॅनडातले एडमंटन आणि जर्मनीतले हॅम्बर्ग जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, पण एडमंटनचे आकाश बरेच निरभ्र असते. तिथे एका किलोवॅट क्षमतेच्या पॅनेलमागे वर्षाला १,२०० युनिटच्या आसपास वीज मिळते, हॅम्बर्गला त्याहून बरीच कमी. आणि तरीही जर्मनीने २०२३ अखेर ८०,००० मेगावॅटहून अधिक सौरक्षमता उभी केली!

बर्फाची भीतीही वाजवीपेक्षा जास्त आहे. पॅनेल झाकली जातात ते महिने मुळातच कमी उजेडाचे असल्याने वर्षाच्या हिशेबात तूट थोडी असते. दक्षिणेकडच्या भिंतीवर उभी बसवली तर बर्फ टिकत नाही, क्षितिजालगतचा सूर्य समोरून मिळतो आणि जमिनीवरच्या बर्फावरून परावर्तित झालेला उजेडही पदरात पडतो.

मात्र जानेवारीत घरे उबदार ठेवण्याचा भार एकट्या सौरऊर्जेवर टाकता येणार नाही, हे नागरिकांना स्पष्ट सांगायलाच हवे. बॅटरी दुपारची वीज रात्रीपर्यंत नेते, जूनची जानेवारीपर्यंत नाही. त्यासाठी हिवाळ्यात जोर धरणारा वारा, धरणांतले पाणी किंवा जमिनीत साठवलेली उष्णता लागते. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या ओकोटोक्स इथे २००७ पासून ५२ घरांसाठी उन्हाळ्यातली उष्णता बोअरमधून जमिनीत साठवली जात होती. ती यंत्रणा पुढे जुनी होऊन बंद पडली, पण हिवाळ्यात तिने घरे उबदार ठेवली.

म्हणून अशा शहरांच्या प्रशासनाकडे दोनच मागण्या कराव्यात. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या पद्धतीत, उन्हाळ्यात दिलेल्या जादा युनिटची वजावट महिन्याअखेर न संपवता पूर्ण बारा महिने मिळावी. आणि नव्या इमारतींना परवानगी देताना छताइतकाच दक्षिणेच्या भिंतींचाही विचार व्हावा.

– एक वाचक