आप्पा, ती ठेव मोडू नका

तीर्थरूप आप्पा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

यंदाच्या केळीचे आलेले पैसे आणि बँकेतली ठेव मोडून मिळणारी रक्कम असे दोन्ही माझ्या खेळासाठी पाठवण्याचे आप्पांनी ठरवले आहे, हे मला दादाकडून समजले. फोनवर हा विषय काढला असता, तर आप्पांनी ‘बरं, पाहू’ म्हणून तो तिथेच थांबवला असता आणि आईने फोन हातात घेऊन जेवणाचे विचारले असते, म्हणून सविस्तर पत्रच लिहीत आहे. मी व्यावसायिक गोल्फपटू होणार नाही. तुमच्या जावयांशी बोलून, पुष्कळ विचार करून हे ठरले आहे आणि कंपनीत व क्लबमध्ये तसे सांगूनही झाले आहे. मी खेळणार आहे, पण आजवर खेळत आले तशीच, अमॅच्युअर म्हणजे हौशी खेळाडू म्हणून.

आप्पा, 7 ऑगस्ट 2021 चा दिवस मला चांगला आठवतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकची शेवटची फेरी तुम्ही पहाटेपासून टीव्हीसमोर बसून पाहिलीत. ती चौथी आली, कांस्यपदक केवळ एका फटक्याने हुकले. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्णपदक मिळवले आणि गावात फटाके वाजू लागले, तरी तुम्ही मला फोन करून त्या एका फटक्याबद्दलच बोलत राहिलात. तुमच्या मनात तेव्हापासून माझ्याविषयी काय आहे, ते मला न सांगताही कळते. परंतु अदिती 2016 च्या सुरुवातीला व्यावसायिक झाली तेव्हा तिला अठरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती, आणि मी आता पस्तिशीकडे झुकले आहे. राज्याच्या संघातून खेळणे, पश्चिम विभागातल्या स्पर्धांमध्ये पहिल्या तिघींत येणे ही माझी खरी कमाई आहे आणि तिचा मला अभिमान आहे. मात्र पुढची पायरी हे वेगळेच आयुष्य आहे.

त्या आयुष्याचा हिशेब मी तुम्हाला सांगते, कारण हिशेब समजल्याखेरीज तुमचे समाधान होत नाही. व्यावसायिक स्पर्धेचे प्रवेशशुल्क, प्रवास, राहणे आणि स्टिकची पिशवी वाहणाऱ्या कॅडीचे पैसे साधारणपणे खेळाडूलाच आधी खिशातून घालावे लागतात. सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर ‘कट’ लागतो, म्हणजे मागे पडलेल्यांना वगळले जाते, आणि त्यांना बहुतेक स्पर्धांत काहीच मिळत नाही. मे महिन्यातल्या एका वावटळीने निसवलेली बाग आडवी व्हावी आणि तोवरचा सगळा खर्च मात्र होऊन गेलेला असावा, तसा तो आठवडा जातो. बागेचा हा धोका तुम्ही जन्मभर डोक्यावर घेतला आहे. या वयात माझ्यासाठी दुसरा धोका तुम्ही घ्यावा, हे मला सहन होणार नाही.

अमॅच्युअर म्हणजे पदरमोड करून फुकट खेळणारा, असे आप्पा म्हणाले होते, तेव्हा मला नीट उत्तर देता आले नव्हते. आता नियम बरेच बदलले आहेत. 2022 पासून अमॅच्युअर खेळाडूला हँडिकॅपविना, म्हणजे कोणालाही फटक्यांची सवलत न देता, खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत 700 पौंड किंवा 1000 डॉलरपर्यंत रोख बक्षीस घेता येते आणि प्रायोजकही घेता येतो. त्यामुळे माझे प्रवेशशुल्क आणि प्रवासखर्च कंपनी देते आणि माझ्या टी-शर्टवर तिचे नाव असते. मोबदला घेऊन शिकवणे मात्र या नियमांत बसत नाही, म्हणून रविवारी कॅडींच्या मुलांना मी विनामूल्य शिकवते, आणि ते मला मनापासून आवडते.

मानाचे म्हणाल, तर आपल्याकडे या खेळाचा मान अमॅच्युअर खेळाडूंनीच वाढवला आहे. बिल्लू सेठींनी 1965 मध्ये इंडियन ओपन जिंकली ती अमॅच्युअर म्हणून, व्यावसायिकांना मागे टाकून, आणि ती जिंकणारे ते पहिले भारतीय होते. 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांमध्ये गोल्फचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा लक्ष्मण सिंह यांनी वैयक्तिक आणि आपल्या संघाने सांघिक सुवर्णपदक मिळवले. अमेरिकेचे बॉबी जोन्स वकिली सांभाळून खेळत. 1925 च्या यूएस ओपनमध्ये आपल्या हातून चेंडू हलला, असे त्यांनी स्वतःच सांगून एका फटक्याचा दंड घेतला, आणि शेवटी बरोबरी होऊन प्ले-ऑफमध्ये ते हरले. दुसऱ्या कोणी तो चेंडू हललेला पाहिला नव्हता. आप्पा, महूच्या लष्करी छावणीत असताना, माझा चेंडू झुडपात गेला की तुम्ही लांब उभे राहून फक्त ‘किती झाले?’ एवढेच विचारत असा आणि मी सांगेन तोच आकडा लिहून घेत असा. माझा खेळ तिथेच घडला आहे.

त्या दिवसांची मला आजही फार आठवण येते. साहेबांनी टाकून दिलेली लोखंडी स्टिक कापून, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तुम्ही मला दिली होतीत. आईने माझ्या टोपीला मागून पांढरा रुमाल शिवला होता आणि मी क्वार्टरच्या अंगणात खड्डा करून संध्याकाळपर्यंत पटिंग करत असे. आई, तू चिडायचीस ते फक्त तुळशीजवळ खड्डा केला म्हणून.

माझी काळजी करू नका. नोकरी चांगली आहे, सकाळी ऑफिसच्या आधी तासभर सराव होतो, डबा घरचाच असतो आणि तू पाठवलेल्या बिबड्या व कळण्याचे पीठ अजून संपलेले नाही. पाठ दुखत नाही, मी विचारपूसच नव्हे, तर तपासणीसुद्धा करून घेतली आहे. भजनी मंडळातल्या बायकांना तू मी टीव्हीवर दिसणार असे सांगून बसली आहेस, हे मला ठाऊक आहे. त्यांना आता सांग की लेकीचा खेळ थांबलेला नाही आणि पुढच्या स्पर्धेचे फोटो ती स्वतः आणून दाखवेल.

आता मी सांगते ते दोघांनीही ऐकायचे आहे. ठेव मोडायची नाही. केळीच्या पैशांतून आप्पांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घ्यायची आणि कमी पडेल ते मी व दादा पाहू. 45 अंशांच्या उन्हात दुपारी ठिबकचे पाइप पाहायला शेतात जायचे नाही, ते काम सालदाराला सांगा. न्हाणीघराजवळ कमोड बसवायला मिस्त्री येईल, त्याला परत पाठवू नका, कारण गुडघ्यासाठी ते लागणारच आहे. कूलरच्या जाळ्या बदलून ठेवायला मी दादाला सांगितले आहे. आई, रक्तदाबाची गोळी उपवासाच्या दिवशीही घ्यायची असते आणि आप्पांच्या चहात तू चोरून घालतेस ती अर्धा चमचा साखर बंद करायची आहे. हे रागाने लिहिलेले नाही.

आखाजीला मी येतेच आहे, आणि या वेळी दोन दिवसांत परत निघणार नाही, कारण त्या आठवड्यात मी कोणत्याही स्पर्धेत नाव दिलेले नाही. जळगावच्या डॉक्टरांना जमत असेल, तर आप्पांची शस्त्रक्रिया आखाजीनंतर लगेच ठेवावी, म्हणजे मला दवाखान्यात राहता येईल. तारीख विचारून दादाकडून मला कळवा, मी त्याप्रमाणे रजेचा अर्ज देते.

तुमची लेक,
बेबी