बायोडेटात लंडन लिहू नका

लीड्स (इंग्लंड), १० मे २०२६

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर होतं, खोली उबदार आहे. आई, हे तुझ्यासाठी आधीच लिहून टाकलं, कारण पुढचं सगळं पत्र आकड्यांचं आहे.

बाबा, तुम्ही परवा विचारलंत, "इंग्रजीचं एम.ए. करून कर्ज फिटतं का, ते एकदा सरळ सांग, म्हणजे धाकट्या मनूला तिकडे पाठवायचं का ते ठरवता येईल." मी "फिटतंय हो" म्हणून विषय बदलला. फोनवर आकडे सांगायला लागले की माझा आवाज बारीक होतो आणि आईला लगेच कळतं. म्हणून लिहिते.

कर्ज साडेबावीस लाखांचं घेतलं होतं. एप्रिलमध्ये हप्ते सुरू होईपर्यंत व्याजासकट २६ लाख झालं. साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षं, महिन्याला ३५ हजार. म्हणजे एकूण ४२ लाख भरायचे. माझा पगार वर्षाला २६,००० पौंड. हिशेबाला सोपं म्हणून पौंड १२० रुपयांचा धरला, तर ३१ लाख होतात. काकांनी गावभर सांगितलेला आकडा तो हाच. कर, विमा आणि पेन्शन कापून हातात महिन्याला १,७८० येतात. खोलीचे ६४०, जेवण-बस-फोन मिळून ३८०, हप्त्याचे २९०. उरलेले ४७०. वाईट नाही ना? मला तरी कागदावर मांडल्यावर बरं वाटलं.

काका म्हणतात, इंग्रजी शिकून ही करते काय? विमा कंपनीत लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. पैसे मिळणार नाहीत हे समोरच्याला वाईट न वाटता कळवायचं. साहित्याचा अभ्यास इतका थेट उपयोगी पडलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. या कामाला एम.ए. लागत नव्हतं, हेही खरं.

इथल्या मुलांच्या कर्जाचं तुम्हाला सांगायलाच हवं, कारण मला ते समजायला वर्ष गेलं. माझ्या शेजारी बसते ती मुलगी इथलीच. तिने इंग्रजीत बी.ए. केलं, डोक्यावर ५० हजार पौंडांच्या आसपास कर्ज. पगार माझ्याएवढाच. मी विचारलं, हप्ता किती जातो? म्हणाली, "शून्य." मला वाटलं थट्टा करते. पण नियमच तसा आहे. तिच्या बॅचला वर्षाचा पगार २९,३८५ पौंडांच्या वर गेला तरच कापतात, आणि तेही फक्त वरच्या रकमेच्या ९ टक्के. पगारातूनच कर कापतात तसं. नोकरी गेली की कापणं बंद. ना तारण, ना जामीनदार. ३० वर्षांनी जे उरेल ते माफ. तिचा धाकटा भाऊ २०२३ नंतरचा, त्याला नियम कडक: २५,००० च्या वर ९ टक्के आणि माफी ४० वर्षांनी. माझ्या पगारावर त्याचे महिन्याला साडेसात पौंड जातील. आमच्या मॅनेजरबाई तर १९९८ च्या आधी शिकल्या, तेव्हा फीच नव्हती. तिघीही इंग्रजीवाल्या, एका टेबलावर जेवतो.

बाबा, तुम्ही म्हणाल ही कर्जमाफीच झाली. पण आपल्याकडे माफीची घोषणा होईपर्यंत माणूस झोपत नाही. माझ्या शेजारच्या मुलीला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती ५० हजारांबद्दल पावसापाण्यासारखं बोलते. "इंग्रजी परवडेल का" हा प्रश्न तिने आवड म्हणून विचारला, आपण घर तारण ठेवून विचारला. परदेशी विद्यार्थ्याला हे कर्ज मिळत नाही, म्हणून मनूला त्याचा उपयोग नाही.

मनूला सांगा, एम.ए. तिथेच कर, सोबत नेट-सेटचा अभ्यास कर. ती चिडेल, ताई स्वतः गेली आणि मला अडवते म्हणेल. म्हणू दे. कँटरबरी क्राइस्ट चर्च विद्यापीठाने तर इंग्रजी साहित्याची पदवीच बंद करायचं ठरवलं, इथलीच मुलं येईनाशी झाली म्हणून. मला पश्चात्ताप आहे असं समजू नका. ते एक वर्ष मी कशाशीही बदलणार नाही. पण एका घराला असं एक वर्ष पुरे.

आता तुम्हाला न सांगितलेलं. शिक्षणानंतरच्या दोन वर्षांच्या व्हिसाला ८८० पौंड आणि आरोग्य अधिभाराचे २,०७० लागले. ते मी इथे सोबत राहणाऱ्या मैत्रिणीकडून घेतले होते, मार्चमध्ये फिटले. हा व्हिसा पुढच्या वर्षी संपतो. पुढे राहायचं तर नव्या पदवीधरांची सवलत धरूनही पगार ३३,४०० लागतो. अर्ज करते आहे. नाहीच जमलं तर परत येईन, पण ३५ हजारांचा हप्ता रुपयांतल्या पगारातून भरावा लागेल, हे आपण आत्तापासून धरून चालू.

म्हणूनच त्या स्थळाचं. बायोडेटात "लंडन" लिहू नका, लीड्स तिथून दोनशे मैल आहे. "३१ लाख" लिहायचेच असतील तर खाली कर्जही लिहा. मुलाला भेटायला माझी ना नाही, आई. फक्त त्यांना हे आधी कळू दे. मागाहून कळलं तर मान खाली तुमची जाईल.

पहिला हप्ता दोन दिवस उशिरा गेला आणि बँकेचा फोन तुम्हाला आला. चूक माझी, पैसे शुक्रवारी पाठवले. आता २५ तारखेलाच पाठवत जाईन.

आणि गच्चीचं काम पावसाआधी करून घ्या. ५० हजार वेगळे पाठवले आहेत, हप्त्यात भरू नका. आई, व्हिडिओ कॉलला तू हल्ली दाराकडे खुर्ची घेऊन बसतेस. मागची भिंत दिसू नये म्हणून, हे मला दिवाळीपासून कळलंय.

पत्र मनूला वाचायला द्या. लग्नाचा भाग सोडून.

तुमची,
ताई