शिष्यवृत्ती दिलीत, आता मार्गदर्शकही द्या

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

सादर नमस्कार.

मी फोंडा तालुक्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संगणक सुरक्षा शिकवतो. सत्तरीतल्या गावडा समाजातली एक विद्यार्थिनी एकदा तास संपल्यावर मागे थांबली. तिच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. एका संकेतस्थळावर स्वतःची गुणपत्रिका बघताना पत्त्याच्या शेवटचा आकडा चुकून बदलला आणि दुसऱ्याच कुणाची गुणपत्रिका उघडली. नाव, जन्मतारीख, फोन नंबर, सगळं समोर. "सर, पोलीस घरी येतील काय?" हा तिचा पहिला प्रश्न. भीतीपोटी तिने स्क्रीनशॉटसुद्धा पुसून टाकले होते.

संकेतस्थळांच्या सुरक्षेतल्या अशा त्रुटी शोधणाऱ्यांना काही कंपन्या बक्षिसं देतात. त्या कळवण्यासाठी केंद्राची सर्ट-इन ही यंत्रणा आहे. ज्याचा मामा बेंगळुरूला याच कामात आहे तो फोन करून विचारून मोकळा होतो. हिने कुणाला विचारावं? माहिती तंत्रज्ञान कायद्यात परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरल्यास कलम 43 लागतं, आणि हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद. त्रुटी तपासताना कुठे थांबायचं, हे जाणत्या माणसाजवळ बसूनच समजतं.

गावडा, कुणबी, वेळीप समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यामुळे प्रवेशाची वाट मोकळी झाली. पण प्रबंधाचा विषय कसा निवडावा, शोधनिबंध नाकारला गेला तर तो पुन्हा कसा लिहावा, याला कुणी वाली नाही. नलकॉन ही हॅकर्सची परिषद 2010 पासून आपल्याच गोव्यात भरत आली आहे. जगभरचे जाणकार इथे येतात आणि सत्तरीतल्या वाळपईच्या मुलीला तिकीट परवडत नाही.

एक दिवसाच्या कार्यशाळा आणि प्रशस्तिपत्रं पुष्कळ झाली. एका विद्यार्थ्याला एक जाणता माणूस द्या, दोन वर्षं, आठवड्याला निदान एक तास. प्राध्यापकाच्या कार्यभारात तो तास धरा, बाहेरच्या व्यावसायिकाला मानधन द्या. मानधनाचा आग्रह मी मुद्दाम धरतो. फुकटचं मार्गदर्शन उत्साहात सुरू होतं, कामाचा रेटा वाढला की बंद पडतं आणि फटका बसतो तो ज्याला दुसरं कुणीच नाही त्याला. भेटीची वेळही दुपारची हवी. शेवटची कदंब बस चुकली की गावात पोचणं कठीण.

आणखी एक गोष्ट पूर्णपणे सरकारच्या हातातली आहे. राज्याच्या संकेतस्थळावरची त्रुटी प्रामाणिकपणे, माहितीचा गैरवापर न करता कळवणाऱ्या विद्यार्थ्याविरुद्ध सरकार तक्रार करणार नाही, असं लेखी धोरण जाहीर करा. कळवण्यासाठी ई-मेल पत्ता द्या आणि उत्तर द्यायला माणूस नेमा. नवीन शैक्षणिक वर्षाआधी हे झालं, तर येत्या तुकडीलाच त्याचा लाभ मिळेल.

आपला,
एक प्राध्यापक, फोंडा