दिशा नंतर द्या, आधी फॉर्म भरा

मा. संपादक,
स. न.

‘बुद्धिजीवींनी समाजाला दिशा द्यावी’ हे वाक्य सोलापुरात व्याख्यानमाला आली की हटकून ऐकू येतं. दिशा नंतर देऊ. आधी शिकलेल्यांनी आठवड्यातून दोन तास विडी घरकुल किंवा कुंभारी या विडी कामगारांच्या वस्त्यांत टेबल टाकून बसावं. विड्या वळणाऱ्या बाईला पीएफची पेन्शन हवी असते आणि ती बहुतेकदा नावाच्या स्पेलिंगवर अडते.

घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, कागदावर इंग्रजी. त्यामुळे आधारवर ‘लक्ष्मी’, पीएफच्या नोंदीत ‘लक्ष्मीबाई’, बँकेत आडनाव आधी. जन्मतारीख ठाऊक नव्हती म्हणून आधारवर १ जानेवारी. दावा परत येतो, मग एजंट घाईघाईनं आधारच बदलून आणतो. आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. ती संधी चुकीच्या कागदावर गेली की पुढचे हेलपाटे बाईच्या नशिबी. म्हणून आधी सगळे कागद टेबलावर पसरावेत, कोणती नोंद धरायची ते ठरवावं, मगच हात लावावा. चूक पीएफच्या नोंदीत असेल तर संयुक्त घोषणापत्र भरायचं. जुन्या खात्यांना त्यावर मालकाची सही लागते.

त्याहून महागात पडणारी चूक सेवेच्या वर्षांची. मासिक पेन्शनला १० वर्षं लागतात. मधेच काम सुटतं, घरात लग्न निघतं, १०-सी हा फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढले जातात आणि पेन्शनसाठी मोजलेली वर्षं पुसली जातात. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, म्हणजे वर्षं जमा राहतात. हे तिला कुणी सांगतच नाही. पुढे वयाची ५८ पूर्ण झाली की पेन्शनसाठी १०-डी हा फॉर्म भरायचा.

हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. पीएफ पेन्शनचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो. पानं कातरून, विड्या वळून बोटं गुळगुळीत झालेली असतात, मशीन ठसा घेत नाही. तेव्हा मोबाइलवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन्ही ॲप घेऊन चेहऱ्यावरून दाखला काढावा. बाईला उजेडाकडे तोंड करून बसवावं, पाठीमागे खिडकी नको.

किमान पेन्शन २०१४ साली १००० रुपये ठरली, त्यावर व्याख्यान जरूर द्यावं. पण तो हजारही हातात पडेना, त्याचं काय?

वाचनालयांनी संध्याकाळी एक टेबल आणि झेरॉक्सची सोय दिली तरी काम सुरू होईल. फक्त बाईचा मोबाइल बाईच्याच हातात राहू द्यावा आणि ओटीपी तिनंच टाकावा.

— एक वाचक, सोलापूर