सोसायटी अध्यक्षांना पत्र : महिन्यातून एक दुपार हॉलची चावी हवी आहे

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे

विषय : दिव्यांग व्यक्तींची कुटुंबं आणि आपल्याकडे कामाला येणारी कमी उत्पन्नाची कुटुंबं यांच्या मदतगटासाठी क्लबहाउसचा हॉल मिळणेबाबत.

आदरणीय अध्यक्षसाहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात लिफ्टपाशी आपलं ओझरतं बोलणं झालं. "लेखी द्या, मीटिंगमध्ये घेऊ," असं आपण म्हणालात, म्हणून हे पत्र.

माझा मुलगा आता १९ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे येणारं शारीरिक अपंगत्व) आहे, हे आपल्याला माहीत आहेच. तो लहान असताना आठवड्यातून तीनदा थेरपीला न्यावं लागे. आत त्याचे व्यायाम चालायचे आणि बाहेरच्या बाकावर आम्ही चार-पाच आया बसलेल्या असायचो. एकीचा नवरा रिक्षा चालवायचा, एक बँकेत होती, एक पोळ्यांची कामं करून यायची. खरं सांगते, मला आजवर जे काही कळलं ते त्या बाकावर. पायाला आधार देणारे कॅलिपर कुठे नीट बसवून मिळतात, कुठल्या वारी दवाखान्यात गर्दी कमी असते, बसमध्ये सवलतीसाठी काय दाखवायचं, सगळं.

मुलगा १८ पूर्ण झाल्यावर त्याच्या नावाने खातं उघडायला गेले, तर सांगण्यात आलं की तो आता सज्ञान, तुम्ही त्याच्या वतीने सही करू शकत नाही. १८ वर्षं मी कोण होते मग? घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी बाकावरच्या जुन्या मैत्रिणीला फोन केला. तिने सांगितलं की राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक स्थानिक समिती असते आणि ती सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान मुलांसाठी कायदेशीर पालकत्व देते. खातं नाकारणाऱ्यांनी मात्र यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

मला तो बाक आपल्या आवारात हवा आहे. एवढंच मागणं आहे.

आपल्याकडे अशी घरं किती, असं आपण विचारलंत. मोजायला मी दारोदार फिरणार नाही, ते बरंही दिसत नाही. पण दिसतं ते सांगते. ए विंगमधली एक आई आपल्या मुलाला रात्री दहानंतर बागेत आणते, झोपाळे रिकामे झाल्यावर. सी विंगमधल्या आजींना पार्किन्सन आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पूर्वीच्या ७ ऐवजी २१ प्रकार आले आणि त्यात पार्किन्सनही आहे, हे त्यांच्या घरी परवापर्यंत ठाऊक नव्हतं. पाचव्या मजल्यावरचे आजोबा अर्धांगाच्या झटक्यानंतर गणपतीपासून खाली उतरलेले नाहीत. लिफ्ट आहे, पण लिफ्टपासून गेटपर्यंत मध्ये तीन पायऱ्या आहेत.

त्या पायऱ्यांशेजारी रॅम्प आहे, असं आपण म्हणाल. तो स्कूटर चढवायला केलेला आहे. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट चढाला बारा फूट लांबी लागते. आपल्या तीन पायऱ्या मिळून दीड फूट, म्हणजे अठरा फुटांचा उतार हवा. आपला पाच फुटांचाही नाही. त्यावरून खुर्ची ढकलत नेणं म्हणजे मागच्याने जीव मुठीत धरणं. पण तो विषय मी सर्वसाधारण सभेत वेगळा आणीन, इथे त्याने गाडी भरकटायला नको.

आता "बाहेरचे लोक आत येतील" हा मुद्दा. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी नऊ वर्षं या गेटमधून आत येत आहेत. चार घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. त्यांच्या मुलीला कमी ऐकू येतं, हे मला गेल्या दिवाळीत कळलं, तेही मुलगी फटाक्यांना दचकली नाही म्हणून! माझ्या घरात असा मुलगा असून मी नऊ वर्षांत विचारलं नव्हतं, याची लाज वाटली. मुलीचं श्रवणयंत्र वर्षभर बिघडून डब्यात पडलं होतं. दिव्यांगत्वाचा जुना कागदी दाखला होता, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नव्हतं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून, उत्पन्न मर्यादेत असेल तर, यंत्र मोफत मिळतं, पण त्यासाठी दाखला हवा, उत्पन्नाचा पुरावा हवा. नव्या दाखल्यासाठी मावशी एका सरकारी रुग्णालयात तीनदा गेल्या, तिन्ही वेळा खाडा, तिन्ही वेळा "आज डॉक्टर नाहीत". खरं तर अर्ज आधी यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो, त्याला पैसे पडत नाहीत. आमच्या शेजारच्या कॉलेजातल्या मुलाने अर्ध्या तासात भरून दिला. तिन्ही खाड्यांआधी हे कुणी सांगितलं असतं तर?

अशी माणसं आपल्याकडे बसून आहेत, ही गंमत बघा. तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ डी विंगमध्ये राहतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कुठे अडतो, हे त्यांच्याइतकं कोण जाणतं? दोन फिजिओथेरपिस्ट आहेत, एक वकील आहेत. शाळाप्रवेशाच्या आरटीई (शिक्षण हक्क कायदा) खालच्या २५ टक्के जागांचे अर्ज भरताना मागच्या वर्षी एका वॉचमनने सायबर कॅफेत पैसे मोजले आणि पत्ता चुकीचा भरून घेतला. वर तिसऱ्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, त्याला कुठून कळणार?

म्हणून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी ४ ते ६ हॉल द्यावा, भाडं न घेता. ती वेळ बहुतेक कामवाल्या बायकांना जमते, मी विचारून घेतलं आहे. पहिल्या दोन-तीन बैठका नुसत्या कागदपत्रांच्या. पुढे लोक काय मागतील तसं.

काही गोष्टी आधीच स्पष्ट करते. पैसे गोळा करायचे नाहीत. एक रुपयाही नाही. गणपतीच्या हिशेबावरून तीन महिने काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं आहे. कुणाला मदत द्यायची असेल तर ती त्याने थेट द्यावी, गटाच्या नावावर नको. संस्था नोंदवायची नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत, बॅनर लावायचा नाही. आणि फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत. यावर मी हटून बसणार आहे. रात्री दहाला बागेत येणारी ती आई फोटोच्या धास्तीने पहिल्याच दिवशी पाठ फिरवेल.

येणाऱ्यांनी सर्व्हिस लिफ्टनेच यावं, अशी सूचना एका सदस्यांनी केल्याचं कानावर आलं. हॉल तळमजल्यावर आहे, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही. उद्भवला असता तरी मी मान्य केलं नसतं.

चावी माझ्याकडे राहील, हॉल झाडून परत देण्याची जबाबदारी माझी. सहा महिने करून पाहू, त्रास झाला तर समितीने बंद करावं, मी वाद घालणार नाही.

एक बारीकशी विनंती. जुन्या बागेतले दोन लाकडी बाक पंपरूमच्या मागे पडून आहेत. भंगारात देणार असाल तर आधी मला सांगा. रंग मी आणते.

आपली नम्र,
(सही)
बी विंग, दुसरा मजला