अभ्यासिकेतल्या ताईला

प्रिय ताई,
स. न.

अभ्यासिकेत बोलायला बंदी, म्हणून तुझे आभार आतल्या आत राहिले. तुझी राज्यसेवेची पूर्व परीक्षा तोंडावर असताना तू आम्हा अकरावी कॉमर्सच्या पोरींना जिन्यात बसवून संभाव्यता शिकवलीस. तेव्हा आता सगळ्यांना दिसेल असं लिहितेय.

सूत्रं आम्हाला पाठ होती. टेन सी थ्री, म्हणजे दहा जणांतून तिघं निवडायचे प्रकार, १२०, हे आमच्यातली कुणीही झोपेत सांगेल. घोडं अडायचं ते गणित वाचल्यावर. ६ मुलगे, ४ मुली, त्यांतून ३ जणांची समिती; निदान एक तरी मुलगी असण्याची संभाव्यता किती? सुचणारी रीत अशी: ४ मधून एक मुलगी घ्या, मग उरलेल्या ९ जणांतून कुणीही दोघं. ४ गुणिले ३६, म्हणजे १४४. तू एवढंच विचारलंस, "अगं, समित्याच मुळात १२०. त्यातल्या मुलींवाल्या १४४ कशा?"

मग वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलंस. समितीत 'क' आणि 'ख' अशा दोन मुली असतील, तर 'क' आधी घेतली नि 'ख' नंतर, किंवा 'ख' आधी नि 'क' नंतर. समिती तीच, पण मोजली दोनदा. तिघी मुलीच असतील तर तीनदा. एक मुलगी असलेल्या ६० समित्या, दोघी असलेल्या ३६, तिघींच्या ४, मिळून १००. आपल्या रीतीने त्यांचे झाले ६०, ७२ आणि १२. एकही मुलगी नसलेल्या २० वजा करा की १२० मधून तेच १०० येतात, उत्तर ५/६. ही सोपी वाट गाईडमध्येही असते. पण दुसरी वाट नेमकी कुठे फसते, हे गाईडवाले कशाला सांगतील!

पत्त्यांच्या गणितात तुझं एक वाक्य कामाला आलं: "क्रम धरायचा तर वरही धर, खालीही धर." ५२ पानांतून दोन पानं काढली, तर दोन्ही राजे येण्याची संभाव्यता ६/१३२६ म्हणा नाहीतर १२/२६५२, दोन्ही १/२२१ च. वर १२ आणि खाली १३२६ लिहिलं की उत्तर गुपचूप दुप्पट होतं, आणि एकापेक्षा कमीच राहत असल्यामुळे संशयही येत नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं सहा रसांचं गणितही तूच सांगितलंस. एकेक, दोन-दोन करत सगळ्या चवी मिसळल्या तर प्रकार किती? ६, १५, २०, १५, ६, १, एकूण ६३. तुझं म्हणणं, प्रत्येक रस एक तर आहे नाहीतर नाही, म्हणून ६४, आणि त्यातला बेचव एक काढून टाक. पुन्हा 'निदान एक'च! परीक्षेत हे विचारत नाहीत, पण मला सगळ्यांत हेच आवडलं.

आता वर्गात सशर्त संभाव्यता सुरू झालीय. तुझी पूर्व परीक्षा आटोपली की कळव, आम्ही वह्या घेऊन जिन्यात येतो. चहा आमच्याकडून.

तुझी,
जिन्यातली एक विद्यार्थिनी